खाऊगल्लीला नळ हवा

आज 7 जून, जागतिक अन्नसुरक्षा दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2018 मध्ये तो ठरवला आणि 2019 पासून तो पाळला जातो. मुंबईत ही तारीख येते ती पाऊस दाराशी असताना. येत्या काही आठवड्यांत पालिकेच्या दवाखान्यांत जुलाब-उलट्या, कावीळ आणि विषमज्वराचे रुग्ण वाढतील. हात धुवा, उघड्यावरचे खाऊ नका, असे फलकही लागतील. त्या फलकांवरचे एक अक्षरही चुकीचे नाही. पण ज्याने हात धुवायचे त्याच्याजवळ पाणी आहे का, हा प्रश्न त्यावर कुठेच नसतो.

आरोग्यशिक्षण काय करू शकते, याचे मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच रुग्णांना पाजले. मृत्यू झपाट्याने घटले. पुढे साखर-मिठाच्या रूपात हीच जलसंजीवनी घराघरांत पोहोचली. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण न शिकलेल्या आईलाही पाठ झाले. हा धडा रुजला, कारण त्यासाठी लागणारे सामान तिच्या डब्यांत आधीच होते.

स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला दिलेला धडा रुजत नाही, त्याचे कारणही यातच आहे. उकळत्या तेलातून नुकताच निघालेला वडा बहुधा निर्धोक असतो. धोका त्याच्या आजूबाजूला असतो: सकाळी वाटलेल्या चटणीत, चिरून ठेवलेल्या कांद्यात, सरबतातल्या बर्फात आणि नोटा घेऊन पाव कापणाऱ्या हातात. 5 ते 60 अंश सेल्सियस या तापमानात जंतू वेगाने वाढतात, आणि मुंबईची दुपार नेमकी या टप्प्यात मोडते. चायनीजच्या गाडीवर दुपारी शिजवून तसाच ठेवलेला भात रात्री परततात. भातात उरलेल्या काही जंतूंचे विष त्या आचेनेही नष्ट होत नाही. हे विक्रेत्याला कोणी समजावून सांगितले, तर तो ऐकतो. त्याची बायको-मुलेही तेच खातात. पण दिवसभराच्या विक्रीसाठी त्याच्याजवळ दोन कॅन पाणी असेल, तर त्यात बशा धुवायच्या की हात?

नियम कमी नाहीत. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आहे. न खाण्याजोगा बर्फ निळसर रंगवण्याचा आदेश महाराष्ट्रात 2018 मध्ये निघाला, आणि तो अतिशय शहाणपणाचा होता. ग्राहकाला प्रयोगशाळा लागत नाही, ग्लासात पाहिले की कळते. पण 2014 चा पथविक्रेता कायदा होऊनही ज्याची जागा पक्की झालेली नाही, तो पालिकेची गाडी दिसताच सामान उचलून पळतो. पळण्याच्या तयारीत उभा असलेला माणूस मोरी बांधत नाही आणि झाकणाच्या कचरापेटीवर पैसे घालत नाही. त्याला आधी जागा द्या, नळ द्या आणि मग कडक तपासणी करा. त्यानंतरही जो घाण पाण्यात बशा बुडवेल, त्याची गाडी बंद करण्याला आमचा पूर्ण पाठिंबा राहील.

दोष फक्त रस्त्याचा नाही. सात तलावांतून येणारे पाणी शुद्ध होऊनच शहरात येते, पण बहुतेक भागांत ते दिवसातून काही तासच मिळते. उरलेल्या वेळी नळवाहिन्या रिकाम्या असतात आणि जिथे त्या गटाराला लागून फुटल्या आहेत, तिथे बाहेरचे मैलापाणी आत ओढले जाते. इमारतींतली घरे ते गाळून, उकळून पितात. वस्तीतले घर ते पिंपात भरते आणि गॅस महाग म्हणून तसेच पिते. त्या घरातल्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब झाले, तर आईच्या अस्वच्छतेवर बोट ठेवणे हा अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नाने जगात दरवर्षी 60 कोटी लोक आजारी पडतात आणि 4 लाख 20 हजार दगावतात. त्यांत सव्वा लाख मुले पाच वर्षांखालची असतात.

म्हणून फलक लावाच, शाळांत हात धुण्याचे धडे द्याच. पण त्याबरोबर प्रत्येक प्रभागातल्या खाऊगल्ल्यांची यादी करून तिथे नळ आणि सांडपाण्याची सोय कधी होणार, याची तारीख पालिकेने जाहीर करावी. पुढच्या 7 जूनला आम्ही हीच यादी हातात घेऊन विचारू.