मातीचा भाव

पिंपळे सौदागरात आज मातीचा भाव विचारावा, तर उत्तर चौरस फुटात मिळते! जवळच्या हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान वसवले आणि इकडे शेतांत इमले उगवले. 'उद्यान' हा शब्द मोठा गोड. पण फळे कुणाला?

नदीपलीकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. तिथल्या संशोधकांनी बुरशीवरचे औषध हॅमायसिन शोधले. ते देणाऱ्या जंतूच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची जाऊन बसली: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!

वाचकहो, भाडे कुठलीही जागा देते. नाव मिळते ते ज्ञानाने. गावच्या पोरांना पहारेकऱ्याच्या चौकीपलीकडे, प्रयोगाच्या टेबलाशी जागा मिळेल, तेव्हाच ते उद्यान गावाचे म्हणायचे.