मढे उचलायचे आम्ही, खुर्ची मात्र दुसऱ्याची!

मेल्यावर सारे सारखे, असे कीर्तनात आपणांस सांगतात. सांगणारा बुवा एकदा तरी खेड्यातल्या मसणवट्यात गेला आहे काय? गेला असता, तर कित्येक गावांत वाड्यावाड्यांप्रमाणे मसणवटेही निराळे आहेत, हे त्याच्या दृष्टीस पडले असते. जिवंतपणी विहीर निराळी, मेल्यावर राखही निराळी! ही कसली समता?

शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो, आज आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. गावात माणूस मेले म्हणजे कामे कोण करतो? मडके कुंभाराचे. वस्तरा न्हाव्याचा. कापड परटाचे. तिरडीचा बांबू बुरडाने फोडायचा. सुतक्याची बातमी घेऊन उन्हापावसात गावोगाव पळायचे आणि सरणाची लाकडे वाहायची ती महाराने. मोबदला काय, तर प्रेतावरचे कापड! शेवटी दक्षिणेला हात पुढे कोणाचा? ज्याने लाकडाची एक ढलपीही उचलली नाही त्याचा. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते हेच.

बरे, ब्राह्मणातही जो किरवंत प्रेताचे विधी सांगतो, त्याला त्याचेच जातभाई खालच्या पायरीचा लेखतात. म्हणजे विटाळ प्रेताचा नव्हे. विटाळ आहे तो राबणाऱ्या हाताचा!

आता दूरदेशची एक गोष्ट ऐका. अमेरिकेत डेट्रॉइट शहरी चार्ल्स डिग्ज नावाचा एक काळा गृहस्थ होता. त्याचा धंदा प्रेतसंस्काराचा. गोरे दुकानदार काळ्यांच्या प्रेताला हात लावीत नसत, म्हणून हे काम काळ्यांनीच हाती घेतले. पैसे आपल्याच लोकांकडून रोख मिळत. गोऱ्या मालकाची मर्जी सांभाळण्याचे कारण नव्हते. जो कोणाच्या दारी भाकर मागत नाही, तोच ताठ मानेने बोलू शकतो. हा डिग्ज १९३६ साली मिशिगन राज्याच्या सेनेटवर निवडून आला. त्याचा मुलगा, तोही याच धंद्यातला, १९५५ साली देशाच्या काँग्रेसमध्ये जाऊन बसला. त्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी ठार मारले. तो खटला चालला तेव्हा हा मुलगा डिग्ज कोर्टात जातीने हजर राहिला. पुढे तो पैशाच्या अफरातफरीत दोषी ठरला व १९८० साली त्याने जागा सोडली, हेही आम्ही लपवीत नाही. बाप-लेक देव नव्हते. पण मढ्याचा धंदा करणारा माणूस कायदे करणाऱ्या सभेत बसू शकतो, एवढे त्यांनी जगाला दाखविले.

मग आपल्याकडे हे का घडले नाही? उत्तर उघड आहे. तेथे तो धंदा होता, येथे ती वेठ होती. धंद्याला दाम असतो, वेठीला शिळी भाकर. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने महाराला गावच्या चाकरीला जखडून टाकले होते. तो कायदा बदलण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात बिल आणले; पण कनिष्ठ वतने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. आपल्या मध्यप्रांतात नाव निराळे, दुखणे तेच. कोतवालाने जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यात न्यायची आणि मालगुजाराच्या ओसरीखाली उभे राहायचे.

आणि येथे आपण आपल्याच छातीवर हात ठेवून बोलू. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी निराळा झाला. त्याआधी तो भंडाऱ्यातच होता. त्याच भंडाऱ्यातून १९५४ साली पोटनिवडणुकीला कोण उभे होते? ज्यांच्या जातीच्या डोक्यावर गावाने शतकानुशतके सरणाची लाकडे दिली, ते देशाचे पहिले कायदेमंत्री डॉ. आंबेडकर! आणि ते पडले. राखीव जागेवर निवड साऱ्या मतदारांनी करायची होती. तेव्हा हा दोष एकट्या भटावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. धान पिकविणाऱ्यांनो, तुमच्या आजोबांचे मत कोणत्या पेटीत पडले, हे एकदा घरात विचारून पाहा.

काशीची तऱ्हा पाहा. तेथील डोमराजा जगदीश चौधरी यांना २०१९ साली पंतप्रधानांच्या उमेदवारी अर्जावर सूचक केले. मरणोत्तर पद्मश्रीही दिली. मान दिला, चांगले झाले. पण सही करण्याचा मान निराळा आणि स्वतःच्या नावाचा अर्ज निराळा! घाटावर राबणाऱ्यांतला माणूस सभागृहात जाऊन बसेल, तेव्हा आम्ही खरे मानू.

कोणी म्हणेल, आता राखीव जागा झाल्या, सरपंच बाया झाल्या, आणखी काय पाहिजे? राखीव जागेचा आम्हांस अभिमान आहे. पण जेथे खुर्चीवर एक आणि कारभार दुसऱ्याच्या हाती, तेथे ती खुर्ची नव्हे, ती तिरडी होय. वर बसलेल्याला चार जण नेतील तिकडे जावे लागते.

जोतीरावांचे स्मरण करा. ते १८७६ ते १८८२ पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. पुढे प्लेगात रोग्यांची सेवा करताच त्या १८९७ साली गेल्या. प्रेताला हात लावण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही; मग तो तुम्हांस का वाटावा?

तेव्हा रडगाणे पुरे. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. तेथे जा व विचारा: गावाला मसणवटा एकच का नाही? पावसाळ्यात बांधीच्या चिखलातून मढे न्यावे लागते, तेथे रस्ता केव्हा? स्मशानशेड, पाणी आणि लाकडे यांची सोय कोठे आहे? आणि तेथे जो राबतो, त्याला रोख मजुरी का नाही?

उत्तर मिळाले नाही तर पुढच्या निवडणुकीत त्याच राबणाऱ्या माणसाचा अर्ज भरा, आणि सूचक म्हणून सही तुम्ही करा. चार खांद्यांवर गाव जातेच आहे. त्या खांद्यांचा धनी कारभारी झाला, तर कोणाचे काय बुडेल? बुडेल ते एवढेच: मढ्याच्या टाळूवरचे लोणी!