किल्लारीचा धडा कुणी शिकवायचा?

मी नांदेडचा, आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आदल्या रात्रीच्या गणपती विसर्जनाने दमून सगळे गाढ झोपलेले. किल्लारी परिसरात जवळपास ८,००० माणसं गेली. आजीच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. पण त्यानंतर आजी माळवदाखाली कधीच झोपली नाही. शेवटपर्यंत अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये!

पुढे मी चार वर्षं इंजिनीअरिंग केलं. एकाही तासाला किल्लारीचं नाव निघालं नाही. नीट काही कळलं ते पुण्यात, एका सुट्टीच्या दिवशी, रोहित जिज्ञासू यांचा प्रबंध वाचताना. हे वास्तुसंवर्धक. मराठवाड्यातली आणि नेपाळमधली भूकंपग्रस्त खेडी अभ्यासून त्यांनी २००२ साली नॉर्वेतल्या ट्रॉण्डहाइमच्या विद्यापीठात पीएचडी केली, पुढे जपानमध्ये क्योतोला शिकवलं. त्यांच्या अभ्यासाचा विषयच मुळी स्थानिक लोकांचं ज्ञान आणि क्षमता हा आहे.

म्हणजे बघा, औसा-उमरग्याकडचं ज्ञान मला नॉर्वेमार्गे मिळालं!

आता दुसरी गोष्ट. ५२ गावं नव्या जागी हलवली गेली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, शहरातल्या कॉलनीसारखी. युजरला न विचारता लिहिलेलं सॉफ्टवेअर कसं असतं ते आपल्याला माहीत आहेच. पण बाकीच्या शेकडो गावांत लोकांनी आपली घरं स्वतः दुरुस्त केली. तिथे 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर गावातल्याच बायका 'संवाद सहायक' झाल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) बायका तिकडे गेल्या, आपला अनुभव सांगायला. याला शिकवणं नाही तर काय म्हणायचं?

माझं म्हणणं साधं आहे. लातूर-नांदेडच्या सिव्हिलच्या वर्गात या बायकांना आणि जुन्या गवंड्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलवा. रीतसर मानधन देऊन, हारतुऱ्यापुरतं नाही. कुणी म्हणेल, त्या काय बीमचं गणित सोडवणार? नाही, ते प्राध्यापकांनीच सोडवावं. पण घरातली बाई कशाला घाबरते, दुरुस्तीचे पैसे कुठे अडतात, भिंतीचे दोन थर बांधणारा आडवा लांब दगड गवंडी का टाळतो, हे पुस्तकात सापडत नाही. आणि संशोधकांनीही प्रबंध झाला की ज्या गावाने माहिती दिली तिथे येऊन तो मराठीत सांगावा. एक संध्याकाळ, पारावर बसून. बस्स!

आजीच्या घराचं एक सांगायचं राहिलं. भिंत पडली होती, पण खणांचा लाकडी सांगाडा जागचा हलला नव्हता. घरात भरवशाचं काय होतं आणि भिंतीत काय सुधारायला हवं होतं, हे तिला तेव्हा कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. मी सांगू शकलो असतो... पण मला तरी कुठे कुणी शिकवलं होतं?

असो. तुम्हाला काय वाटतं?