मूलपेशी कशावर वाढवल्या, तेही सांगा

मूलपेशींच्या उपचाराचा विषय निघाला की पेशी कुठून काढल्या, किती टोचल्या आणि खर्च किती आला, एवढ्यावरच बोलणे थांबते. टोचण्याआधीचे काही आठवडे त्या पेशी कशावर वाढत होत्या, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न पेशींच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक चाचणीच्या अर्जात लिहिणे सक्तीचे व्हायला हवे. अस्थिमज्जेतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल मूलपेशींपासून हाड, कूर्चा, चरबी तयार होऊ शकते. त्या वाढवतात मात्र पॉलिस्टायरिनच्या डिशमध्ये. 2006मध्ये ठरलेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतली पहिलीच अट प्लास्टिकला चिकटण्याची आहे. हे प्लास्टिक मेंदूच्या ऊतीपेक्षा लाखो पटींनी कडक असते.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अ‍ॅडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी या कडकपणाचीच परीक्षा घेतली. काचेवर पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलचे पातळ थर दिले. साखळ्या जोडणाऱ्या रसायनाचे प्रमाण कमी-जास्त करून कुठे मऊ, कुठे घट्ट जेल केले आणि सगळ्यांवर कोलॅजेनचाच लेप चढवला. पेशींना मिळणारे पोषणद्रव्यही तेच होते. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे 1 किलोपास्कलच्या आसपासच्या जेलवर पेशींना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या. 8 ते 17 किलोपास्कलवर त्या स्नायूपेशींसारख्या लांबट झाल्या, तर 25 ते 40वर हाडाच्या दिशेने वळल्या. पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या प्रथिनांनी आधार पकडते आणि आतल्या मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या बळावर तो खेचते. आधार हलला नाही की पेशीत ताण चढतो. मायोसिनचे काम औषधाने थांबवल्यावर हा फरक उमटेनासा झाला. 2011मध्ये पादुआ विद्यापीठातील स्टेफानो पिकोलो यांच्या गटाने पुढचा दुवा दाखवला. वायएपी आणि टीएझेड ही प्रथिने कडक आधारावर पेशीकेंद्रात शिरतात आणि तिथे जनुकांचे काम बदलतात. मऊ आधारावर ती बाहेरच राहतात.

पृष्ठभागाचे रसायनही तेवढेच बोलके आहे. साधे पॉलिस्टायरिन पाणी झटकते, त्यावर पेशी नीट बसत नाहीत. म्हणून प्लाझ्माची प्रक्रिया करून त्यावर ऑक्सिजनयुक्त गट बसवतात. त्यावर आधी द्रवातली प्रथिने चिकटतात आणि पेशी प्रत्यक्षात त्या प्रथिनांना धरते. कोणते प्रथिन किती आणि कुठल्या बाजूने चिकटणार, हे पृष्ठभागावरचे गट ठरवतात. 2008मध्ये कोलोरॅडोतील क्रिस्टी अ‍ॅन्सेथ यांच्या प्रयोगशाळेने जेलमध्ये नुसते छोटे रासायनिक गट जोडून पाहिले. फॉस्फेटने पेशी हाडाकडे झुकल्या, टर्शरी ब्यूटिलने चरबीकडे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे जाणकारांनाही पूर्ण मान्य नाही. ते खरे आहे. 2012मध्ये एका गटाने दावा केला की खरा फरक कडकपणाचा नसून कोलॅजेन जेलला किती घट्ट बांधले आहे याचा आहे. 2014मध्ये एंग्लर यांच्या गटाने तो खोडला. पण हा वाद पेशीला आधार कसा कळतो याचा आहे, कळतो की नाही याचा नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पेशी शेवटी शरीरात जाणार, मग डिशचा परिणाम पुसला जाणार नाही का? थोडे दिवस कडक आधारावर राहिलेल्या पेशी मऊ जेलवर नेल्या तर वायएपी शांत होते. सुमारे दहा दिवस राहिल्या तर ते सक्रियच राहते, असे अ‍ॅन्सेथ यांच्याच गटाने 2014मध्ये दाखवले. स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाउ यांच्या गटाने 2010मध्ये उंदरांच्या स्नायूंतील मूलपेशी स्नायूइतक्याच मऊ, 12 किलोपास्कलच्या जेलवर वाढवल्या, तेव्हा त्या प्रत्यारोपणानंतर रुजल्या. प्लास्टिकवर वाढवलेल्यांची ती क्षमता झपाट्याने ओसरली होती. रक्ताच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण दशकानुदशके यशस्वी होते आहे, असेही कोणी सांगेल. पण त्या पेशी बहुधा दात्याकडून थेट रुग्णाकडे जातात, आठवडेच्या आठवडे प्लास्टिकवर राहत नाहीत. त्यामुळे त्या यशाचा दाखला इथे लागू पडत नाही.

प्लास्टिक स्वस्त आहे, सर्वत्र एकसारखे मिळते, आणि ते उद्याच टाकून द्या असे मी म्हणत नाही. कशावर वाढवले याची नोंद ठेवायला मात्र खर्च जवळजवळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या आजारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर मान्यताप्राप्त चाचण्यांपुरताच ठेवला. अशा प्रत्येक चाचणीच्या अर्जात आधाराचा कडकपणा, त्यावरचा लेप आणि पेशी त्यावर किती दिवस होत्या, हे तीन रकाने परिषदेने घालावेत. आणि उपचारासाठी पैसे भरायला निघालेल्या कुटुंबांनी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारावा. उत्तर मिळाले नाही तर सही करू नये.