मिठाने गोठलेले गोड



जत्रेतला कुल्फीवाला आठवतो ना? ओले लाल फडके गुंडाळलेला मटका, आत बर्फ आणि जाडे मीठ, त्यात उभे केलेले पत्र्याचे साचे. साच्याची तोंडे कणकेने बंद केलेली. गोड कुल्फीला मीठ कशाला, हे कोडे लहानपणी सगळ्यांनाच पडते. त्याचे उत्तर शोधायला आज तुम्हाला जरा लांब नेतो, थेट इटलीत.

तिथे बोलोन्या शहराजवळ आंझोला देल्लेमिलिया नावाचे गाव आहे. आइस्क्रीमची यंत्रे बनवणारी कार्पिजानी ही कंपनी तिथलीच, १९४६ सालची. तिच्या कारखान्याच्या आवारात २०१२ साली एक संग्रहालय उघडले. त्यात राजांच्या तलवारी नाहीत की सोन्याची नाणी नाहीत. सगळे संग्रहालय जेलातोचे, म्हणजे इटलीच्या आइस्क्रीमचे. जुनी यंत्रे, जुने फोटो, जुने कागद जपून ठेवले आहेत. आणि नुसते पाहून परत यायचे नाही बरे का! तिथल्या वर्गात जेलातो आपल्या हाताने करून बघता येतो आणि चाखताही येतो.

फ्रीज नव्हता तेव्हा डोंगरावरचा बर्फ साठवून ठेवावा लागे. म्हणून हा पदार्थ श्रीमंतांचाच. सिसिली बेटावरच्या प्रोकोपियोने १६८६ साली पॅरिसमध्ये आपले कॉफीघर काढले, तेव्हापासून पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकालाही तो मिळू लागला. पुढे १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ-मीठ आणि वर दांडा. ओळखलेत? आपल्याकडे सुट्टीत पोरे आळीपाळीने फिरवायची तो आइस्क्रीमचा पॉट हाच! बोलोन्याच्या कात्ताब्रिगाने १९२७ साली हेच हाताचे काम मोटरीला दिले.

आता मिठाचे कोडे. बर्फावर मीठ पडले की तो लवकर वितळू लागतो. वितळायला ऊब लागते, ती तो शेजारच्या दुधातून ओढून घेतो. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घातले, तर गारवा शून्याच्या खाली वीस अंशांच्या आसपास जातो. नुसत्या बर्फाने दूध गोठत नाही, ते यामुळेच.

आणखी एक गंमत ऐका. जेलातोत साय कमी आणि दूध जास्त. त्याचा स्निग्धांश साधारण ४ ते ८ टक्के असतो. आपल्या म्हशीच्या दुधाला फॅट ६-७ लागते. म्हणजे इटलीवाले ज्याचा एवढा मान करतात, तो माल रोज सकाळी आपल्या किटलीत असतो.

आणि आपण काय करतो? सगळे दूध डेअरीला घालतो आणि संध्याकाळी पोराच्या हट्टासाठी दुकानातून रंगीत कप आणतो. त्या कपावरची बारीक अक्षरे एकदा वाचा. ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहिले असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेले असते. दुभत्या घरच्या लेकराने तेलाचा गोळा चाखावा, हे काही बरे नाही.

म्हणून एखाद्या रविवारी लिटरभर दूध घरी ठेवा. मंद आचेवर निम्मे आटवा. साखर, वेलची घाला. गार झाले की घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत भरा आणि डबे बादलीत बर्फ-मिठात पुरा. वितळलेले पाणी काढून वरून बर्फ-मीठ घालत राहा. पोरांना उघड्या हाताने तो बर्फ फार वेळ धरू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते. उरलेले खारे पाणी झाडाच्या बुडाशी ओतू नका आणि जनावरापुढेही ठेवू नका.

डबा उघडेपर्यंत पोरे बादलीभोवतीच बसतील. तेवढ्यात त्यांना मिठाचे कोडे घाला. उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच!

असो. माळ्यावर जुना पॉट पडला असेल तर भंगारात देऊ नका. तिकडे अशा वस्तूंचे संग्रहालय झाले आहे.