तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर काडी लावू नका

भंगाराचे व्यापारी, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि दवाखान्यांत कचरा उचलणाऱ्या मावशी-मामा, हे आवाहन तुमच्यासाठी आहे.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका भंगाराच्या दुकानामागे तांब्यासाठी वायरी जाळत होते. शेजारी पोतंभर गोल पांढऱ्या डब्या पडल्या होत्या. कुठल्याशा ऑफिसचं फॉल्स सीलिंग काढताना निघालेले स्मोक डिटेक्टर. एक डबी उलटी केली, तर मागे तीन पात्यांच्या पंख्यासारखं किरणोत्साराचं चिन्ह. जुन्या पद्धतीच्या अशा डबीत अमेरिशियम-241 हे किरणोत्सारी द्रव्य अगदी कणभर असतं. छताला आहे तोवर त्याचा त्रास नाही. पण वायरींबरोबर डबीही आगीत गेली असती, तर ते राखेत उतरलं असतं, आणि राख आपण नाल्यातच लोटतो.

जाळलं की संपलं, असं आपण धरून चालतो. योग्य भट्टीत जंतू मरतात, सॉल्व्हंट जळून जातं. किरणोत्सार मात्र आगीने तसूभरही कमी होत नाही. थोडा धुराबरोबर निघतो, बाकीचा राखेत दाटतो. 1998 मध्ये स्पेनच्या दक्षिणेला एका पोलाद कारखान्यात भंगारातून आलेलं सीझियम-137 भट्टीत वितळलं. त्याचा माग लागला तो फ्रान्स-स्वित्झर्लंडमधल्या हवा तपासणाऱ्या यंत्रांना!

मग अणुकेंद्रांत किरणोत्सारी कागद-कापूस जाळतात तो कसा? तिथे कचऱ्याचं आकारमान कमी करायचं असतं. धूर फिल्टरमधून जातो, राख सिमेंटमध्ये कोंडून ठेवतात. आपल्या पत्र्याच्या पिंपाला कसला आलाय फिल्टर?

थायरॉइडसाठी आयोडीन-131 घेऊन पेशंट घरी आला, की त्याचे डायपर, पॅड हॉस्पिटलने सांगितले तितके दिवस वेगळे झाकून ठेवा. दर आठ दिवसांनी त्यातला किरणोत्सार निम्मा होतो, म्हणजे ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. वॉर्डातल्या मावशींनो, हा कचरा लगेच पिवळ्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी थेट भट्टीत जाते.

सेक्रेटरींनो, जुने डिटेक्टर काढताना ज्या एजन्सीने बसवले तिलाच परत न्यायला सांगा. भंगारवाल्याला चार पैसे कमी मिळतील, मिळू देत.

आणि भंगारात त्या चिन्हाची जड, शिशाची पेटी आलीच, तर कापू नका, हातात घेऊ नका. माणसं लांब करा आणि 112 ला फोन लावा. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या लिलावातून आलेलं कोबाल्ट-60 चं यंत्र असंच फोडलं गेलं. एकाने त्यातला तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला होता. त्या प्रकरणात एक कामगार दगावला.

चिन्हाचं चित्र आम्ही छापून आणलंय. रविवारी सकाळी दहाला भाजी मंडईच्या गेटवर या, दुकानात लावायला एक घेऊन जा.