गर्भावर संस्कार नको, आधी विष थांबवा

गर्भवतीने कोणता मंत्र ऐकावा, कोणतं तूप खावं, याची शिबिरं शहरोशहरी भरतात. फी भरून लोक जातात. आमचा प्रश्न साधा आहे. कपाशीच्या रानात निंदायला जाणाऱ्या पोटुशी बाईच्या लुगड्यावर जे फवारलं जातं, तो संस्कार कुठल्या पोथीत लिहिलाय?

त्या विषाला आपल्याकडे 'औषध' म्हणतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात याच औषधाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मारले, तेव्हा ओरड झाली. मेलेला माणूस मोजता येतो. पण काही रसायनं लगेच मारत नाहीत. ती शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात, नाहीतर त्याचं काम बिघडवतात. पहिले साधारण तीन महिने गर्भाला आईच्याच थायरॉइड हार्मोनवर विसंबावं लागतं, मेंदूची घडण त्यावर चालते. आणि नेमक्या त्या दिवसांत पुष्कळ बायकांची गरोदरपणाची नोंदसुद्धा झालेली नसते. रोज मात्र चालू असतो.

अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून डीईएस हे कृत्रिम हार्मोन वर्षानुवर्षं गर्भवतींना दिलं. 1971 मध्ये कळलं, की त्यांच्या मुलींना तरुणपणीच दुर्मीळ कॅन्सर होतोय. आईने घेतलं, लेकीने भोगलं.

इतकं लांब कशाला? केरळात कासरगोडच्या काजूबागांवर सरकारी महामंडळाने दोन दशकं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं. तिथली मुलं उशिरा वयात येतात, हा अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास 2003 मध्ये छापून आला. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली 2011 मध्ये. मधली आठ वर्षं 'पुरावा आणा' म्हणण्यात गेली. पुरावा आणायचा कुणी? जिच्याकडे सोनोग्राफीला पैसे नाहीत तिने?

जाणकार सल्ला देतात : प्लास्टिकच्या डब्यात गरम जेवू नका, सेंद्रिय भाजी खा. सल्ला खोटा नाही, पण तो निवड करता येणाऱ्यांसाठी आहे. रान एकाचं आणि पंप दुसऱ्याच्या पाठीवर, यात कुणाची जात कुठे आहे हे आम्ही सांगायला नको.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. बाळंतपणाआधीही आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. आज कायद्यात 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. रोजाने निंदायला जाणारी बाई त्या कायद्याच्या बाहेरच उभी आहे.

म्हणून खरिपाआधीच्या ग्रामसभेत ठराव मांडा. फवारणीची सूचना आदल्या दिवशी मिळावी, फवारलेल्या रानात लगेच बायकांना उतरवू नये, गर्भवतीला फवारणीच्या हंगामात दुसरं काम किंवा घरबसल्या रोज मिळावा. डब्यावरच्या लाल-पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ वस्तीत समजावून सांगा. तेवढं तर या आठवड्यात होईल. ठराव लिहून द्यायला आम्ही येऊ. सह्या मात्र आधी निंदणाऱ्या बायकांच्या घ्या, सरपंचाची नंतर.